नाक मोजणारे, रक्त मोजणारे



गेल्या महिन्यात घाटकोपर पूर्वेला आमच्या वस्तीतल्या विहारात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं. तयारीची बैठक होती. आरोग्यवाल्या ताईंनी फॉर्मचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. नाव, वय, लिंग, पत्ता. आणि पाचवा रकाना : जात.

आमच्यातला एक पोरगा अंधेरीला सीप्झमध्ये कामाला आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांची माहिती रकान्यात बसवतो. तो भडकला. "ताई, रक्त काढणारच आहात ना? मग जात कशाला विचारता? जे काय असेल ते रक्तात दिसेल की!" ताई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "दादा, फॉर्म वरून आलाय. आणि तुमच्यात हा आजार जास्त आहे म्हणतात."

'तुमच्यात' हा शब्द पडला आणि बैठक फुटली. कुणी म्हणालं फॉर्म फाडा. कुणी म्हणालं शिबिरच नको. आजवर आमची सावली विटाळ होती, आता रक्तही डागाळलेलं आहे काय? तेवढ्यात मागून बल्लारपूरकडची एक मावशी उठली. म्हणाली, "माह्या नातवाचे हाडं रातरातभर दुखते. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा बाप्पा, पहिले तपासणी होऊ द्या."

मी अध्यक्ष म्हणून बसलो होतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा बरोबर होता आणि मावशीही बरोबर होती. म्हणून हे संपादकीय या एका रकान्यावर.

रकाना आला कुठून ते आधी पाहू. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता हर्बर्ट रिस्ले. त्याआधी या साहेबानं बंगालमध्ये माणसांची नाकं मोजून घेतली होती. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. झाला निर्देशांक. त्यावरून साहेबानं सिद्धांत काढला की नाक जितकं रुंद, तितकं माणसाचं समाजातलं स्थान खाली. म्हणजे गावकुसाबाहेर आम्हाला मनूनं टाकलं नाही, आमच्या नाकानं टाकलं! १९०८ मध्ये त्याचं 'द पीपल ऑफ इंडिया' आलं. इथल्या पांढरपेशांना ते गोडच लागलं असणार. हजार वर्षांच्या बदमाशीला विलायती मोजपट्टीचं सर्टिफिकेट मिळालं, आणखी काय पाहिजे?

आणि हे नुसतं पुस्तकात राहिलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. माणसानं काय केलं हे बघायचंच नाही, तो कुठल्या जमातीत जन्मला तेवढं बघायचं आणि पोलीस पाटलाकडे हजेरी लावायची. आज कॉम्प्युटरवाले ज्याला क्लासिफायर म्हणतात, म्हणजे गट पाहून माणसाचा निकाल लावणारं यंत्र, ते माझ्या मते या देशात त्या वर्षी कायद्यानं सुरू झालं. ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्तांवरचा तो शिक्का पुसला म्हणतात. बोरीवलीच्या सिग्नलवर फुगे विकणाऱ्या पारध्याच्या पोराला विचारा पुसला का ते.

बाबासाहेबांनी नाकवाल्यांचं काय केलं ते आपल्या पोरांना माहीत नसतं. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी घुर्यांची कोष्टकं घेतली. मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये, काही आपल्या चळवळीतले नव्हते. त्यांचं जात आणि वंशावरचं पुस्तक १९३२ चं. त्या कोष्टकांतले नाकाचे आकडे प्रांताप्रांतानं लावून बाबासाहेबांनी दाखवलं की ही मोजपट्टी खरी मानायची तर त्या त्या प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. मोजपट्टी खोटी म्हणालात तर रिस्ले गेला. खरी म्हणालात तरी रिस्ले गेला. दुश्मनाची काठी दुश्मनाच्याच टाळक्यात.

आता इथं आपले वक्ते थांबतात आणि टाळ्या घेतात. मी थांबणार नाही, कारण सीप्झवाल्या पोरानं मला पुढचं शिकवलं आणि ते गैरसोयीचं आहे.

१९३६ साल घ्या. त्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण नाकारलं आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. तेच 'जातिसंहार'. त्याच वर्षी लंडनमध्ये रोनाल्ड फिशर या गणितज्ञानं फुलांच्या पाकळ्यांची लांबीरुंदी घेऊन फुलाची जात ओळखायचं सूत्र छापलं. छापलं कुठं? 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' नावाच्या नियतकालिकात. युजेनिक्स म्हणजे चांगल्या बीजाची माणसं वाढवा, हलक्या बीजाची खुडा, हे शास्त्र. आणि त्याच १९३६ मध्ये कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी दोन गटांमधलं अंतर मोजायचं सूत्र मांडलं. महालनोबिस हे नेहरूंच्या पंचवार्षिक योजनेचे. पण हे सूत्र आलं कशातून? १९२० ला नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये त्यांची अ‍ॅनन्डेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाशी गाठ पडली. अ‍ॅनन्डेलकडे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं पडून होती. डोकं, नाक, उंची. ही मिश्र माणसं बंगालच्या कुठल्या जातीच्या जवळची, हा प्रश्न. त्या प्रश्नातून निघालेलं ते 'महालनोबिस अंतर' आज जगातल्या प्रत्येक डेटावाल्याच्या यंत्रात आहे. नाक मोजणाऱ्याची पट्टी मोडली नाही, मित्रांनो. ती गणितात गेली आणि पॉलिश होऊन परत आली.

पोरानं मला कागदावर हिशेब करून दाखवला, तो तुम्हालाही देतो. समजा दोन गट. एकाच्या नाकाच्या निर्देशांकाची सरासरी ७५, दुसऱ्याची ७८. पण प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांतला फरक सरासरीपासून आठाठ अंकांचा. आता वाटेवरचा एक माणूस धरा आणि नाक बघून गट सांगा. उत्तम गणित वापरलं तरी शंभरात ५७ वेळा बरोबर याल. नाणं उडवलंत तर ५० वेळा. म्हणजे रिस्ले साहेब नाण्यापेक्षा सात मार्कांनी हुशार! एवढ्यावर त्यानं आख्खा देश रांगेत उभा केला.

मी खूश झालो. म्हटलं छापू. पोरगा म्हणाला, "थांबा दादा, अजून आहे. एक नाक घेतलंत म्हणून ५७. एकमेकांशी संबंध नसलेली अशी वीस मापं घ्या, बरोबर येणं ८० वर जातं. शंभर मापं घ्या, ९७ वर जातं. आणि जीनमध्ये तर लाखो मापं आहेत."

माझा चहा थंड झाला.

१९७२ मध्ये, म्हणजे इकडे ढसाळ, ढाले, ज. वि. पवारांनी पँथर उभी केली त्याच वर्षी, अमेरिकेत रिचर्ड लेवॉन्टिन या मार्क्सवादी शास्त्रज्ञानं रक्तगट आणि प्रथिनांचा हिशेब करून सांगितलं की माणसामाणसांतला ८५ टक्के फरक हा कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो. 'वंश' म्हणून ज्यांना म्हणतात त्यांच्यातला फरक सहा टक्क्यांच्या आसपास. आपली माणसं हे वाक्य भाषणात वापरतात. वापरावंच. पण २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स या फिशरच्याच शिष्यानं दाखवून दिलं की ८५ टक्के खरे असले तरी पुष्कळ मापं एकत्र घेतली तर माणसाचा गट बऱ्यापैकी ओळखता येतो. गणितात त्याची चूक नाही. म्हणून 'विज्ञानानं सिद्ध केलं की गट ओळखताच येत नाहीत' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो आपल्याला उद्या तोंडघशी पाडणार आहे. ओळखता येतात. प्रश्न असा आहे की का ओळखता येतात.

का? ते बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबियात वाचलेल्या निबंधात आहे. वय पंचवीस. युरोपियन पंडित जातीच्या मुळाशी वर्ण, रंग, वंश शोधत होते. बाबासाहेबांनी ते बाजूला सारलं आणि बोट ठेवलं एकाच गोष्टीवर : बेटीबंदी. आपल्यातच लग्न. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी त्या एका कुंपणाची खुंट्या-दोरखंडं.

आता शंभर वर्षांनी आलेलं शास्त्र बघा. २०१६ मध्ये पार्थ मजुमदार यांच्या गटानं ३६७ माणसांचे जीन तपासले. निष्कर्ष असा की या देशातली माणसं आधी एकमेकांत मुक्तपणे मिसळत होती आणि सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तांच्या काळाच्या सुमाराला, वरच्या जातींनी दारं बंद केली. गुप्तकाळ! शाळेत ज्याला सुवर्णयुग म्हणून घोकून घेतलं तोच. आणि अस्पृश्यता साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराला जन्मली, असं बाबासाहेबांनी १९४८ मध्येच ग्रंथ चाळून लिहिलं होतं. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो होतो. तरी जास्त नाचू नका. जीन लग्नाचं सांगतात, विटाळाचं नाही. पिढी किती वर्षांची धरायची यावर सन मागेपुढे होतो. आपल्या बाजूचं निघालं की विज्ञान खरं आणि उलटं निघालं की बामणी, असला धंदा आपण करायचा नाही.

पण मुद्दा पक्का आहे. दोन वाडे शेजारी बांधा, सत्तर पिढ्या एकमेकांत लग्न होऊ देऊ नका, आणि मग यंत्र लावा. यंत्र दोन्ही वाडे वेगळे ओळखून दाखवेल. त्यानं माणसं मोजली नाहीत, मधली भिंत मोजली. इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये आठ ब्राह्मण पोटजातींची मापं प्रसिद्ध केली. एकाच दर्जाचे आठ गट, आणि तेही एकमेकांपासून वेगळे निघाले. म्हणजे 'ब्राह्मण' नावाचा एक जिनसी रकानासुद्धा कुठं शिल्लक राहत नाही. याच इरावतीबाई तरुणपणी बर्लिनला ऑयगन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजायला गेल्या होत्या. पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधार झालेला तो फिशर. गोऱ्यांची कवटी वेगळी असल्याचा पुरावा त्याला हवा होता, बाईंनी मोजून सांगितलं की असं काही दिसत नाही. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

भिंतीची किंमत भिंतीच्या आतल्यांनीही मोजली आहे. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समूहांपैकी ८१ समूहांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक सापडल्या. अशा बंद समूहात दोन्हीकडून सारखाच बिघडलेला जीन एकत्र यायची शक्यता वाढते. युजेनिक्सच्या नावानं जातीचं समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्येच विचारलं होतं की जातीनं शुद्ध बीज राखलं असेल तर ही खुजी, दमलेली प्रजा कुठून आली? तरी २०२२ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रात आलंच की केंद्राचं सांस्कृतिक खातं वंशशुद्धी शोधायला डीएनएची यंत्रं घेणार. खात्यानं बातमी दिशाभूल करणारी म्हटली. शंभराहून जास्त शास्त्रज्ञ-इतिहासकारांनी निषेधाचं पत्र काढलं. बातमी खोटी असेल तर आनंद आहे. पण ती वाचून देशात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, हे जास्त वाईट.

आणि आपण? दर रविवारी मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत बौद्ध वधू-वर मेळावे भरतात. फॉर्मवर पोटजात असते. रकाना नसला तर फोनवर विचारतात, "तुमचं मूळ कुठलं?" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! मावशीच्या नातवाचं दुखणं मला इथं आठवतं. सिकलसेलचा वाहक ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, मूल आजारी निघायची.

हा आजार 'आमचा' आहे का? विदर्भातल्या महार-बौद्धांत आणि आदिवासींत तो जास्त आढळतो हे खरं. पण तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, आणि विदर्भातल्या इतर जातींतही आहे. जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथं हा जीन टिकला, कारण वाहकाला मलेरिया मारत नाही तितका. म्हणजे त्याचं मूळ डासांत आणि डबक्यांत. जातीच्या भिंतीनं त्याला फक्त कोंडून ठेवलं. आणि समजा एखाद्या गटात शंभरात दहा वाहक आहेत. जात बघून प्रत्येकाला वाहक म्हणालात तर शंभरात नव्वद वेळा खोटं बोललात. जात बघून बाकीच्यांना सोडलंत तर त्यांच्यातला आजारी मेला. थेंबभर रक्ताची तपासणी हाताशी असताना रकान्यावरून अंदाज कशाला?

रकान्यानं माणूस कसा मरतो ते या मुंबईइतकं कुणालाच माहीत नसावं. १९५२ मध्ये इथल्याच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट कळवला. त्या लेखाच्या एका इंग्रज सहलेखकाचं आडनावच रेस, म्हणजे वंश. काय योगायोग बघा. या रक्ताला जगभर 'बॉम्बे' म्हणतात. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' म्हणून निघतं. पण त्या माणसाला 'ओ' रक्त चढवलंत तर त्याचा जीव जाऊ शकतो. इथं दहा हजारांत एखादा असा असतो. रकाने चारच होते, ए, बी, एबी, ओ, आणि माणूस पाचवा निघाला. ज्याची चूक झाली तो रकाना, मरणारा मात्र माणूस.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो, त्यावर पुढचा अंक काढायचा आहे. सीप्झवाला पोरगा सांगतो, आता फॉर्मवर जात नसते. कर्ज हवं, भाड्यानं खोली हवी, नोकरी हवी, यंत्र जात विचारतच नाही. यंत्राला आडनाव पुरतं. पिनकोड पुरतो. शाळेचं नाव पुरतं. आमच्या एका कार्यकर्त्याचा पगार, नोकरी, वय सगळं मित्रासारखंच. मित्र मुलुंडच्या सोसायटीतला. मित्राला कर्ज मिळालं, याला नाही. कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीम घेत नाही." पाटलाच्या ओट्यावरून हाकलताना निदान शिवी तरी ऐकू यायची. इथं शिवीही नाही.

मग रकाना फाडायचा का? नाही. इथं मी पोराशी भांडलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धर्म बदलला आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या रकान्यातून बाहेर फेकले गेलो. १९९० मध्ये परत आलो. चौतीस वर्षं! रक्त तेच, वस्ती तीच, घाण उपसणारे हात तेच, फक्त रकाना गेला आणि त्याबरोबर केंद्रातल्या नोकऱ्या गेल्या. रकाना नसला की अन्याय नाहीसा होत नाही, त्याचा हिशेब नाहीसा होतो. देवनारला डम्पिंगपासून जवळच लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, तीही १९५६ चीच. तिच्या कुटुंब आरोग्य पाहणीत दर वेळी दिसतं की वाढ खुंटलेल्या पोरांत दलित-आदिवासींची पोरं जास्त. जातीचा रकाना नसता तर हे कुणी कबूल केलं असतं? आणि रिस्लेचा नातू तिथं बसला असता तर म्हणाला असता, यांची उंचीच जातीनं कमी. खुंटलेलं पोर दाखवणारा आकडा एकच, पण तो पोटाकडे बोट दाखवतो की बीजाकडे, हे वाचणाऱ्यावर आहे.

म्हणून जनगणनेचं माझं मत सरळ आहे. १९३१ नंतर या देशानं सगळ्या जाती मोजून आकडे समोर ठेवले नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं जात मोजायचं ठरवलं, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. तिथं दारात उभे राहून, आवाज चढवून जात लिहवून घ्यायची. जमीन कुणाकडे, खुर्ची कुणाकडे, गटारात उतरून मरतो कोण, हे त्याशिवाय निघणार नाही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानंही रकाना केलाच होता की. दलित कोण? अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया, पिळले जाणारे सगळे. त्यावर केवढं रामायण झालं, पँथर फुटली. ढालेंचं चुकलं की ढसाळांचं ते वाद घालणारे घालोत. पण त्या रकान्यात नाक नव्हतं, रक्त नव्हतं. माणसाला कोण काय करतंय, ते विचारलं होतं.

पोरगा अजून पुरता पटलेला नाही. तो म्हणतो, दादा, आज मोजायला दिलेला आकडा उद्या कुठल्या यंत्रात जाईल ते तुम्हाला माहीत नाही. त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं लिहावं, छापू.

शिबिर झालं. दुसऱ्या बैठकीत ताईंशी बोलून फॉर्मवरचा रकाना आम्ही बदलून घेतला. जातीच्या जागी हातानं लिहिलं : आईचं गाव, बापाचं गाव, आजीचं गाव. आणि तपासणी सगळ्यांची. विहारात आलेल्या बौद्धांची, मागच्या गल्लीतल्या गुजराती दुकानदाराची, उत्तर प्रदेशच्या रिक्षावाल्याची, ताईंची स्वतःचीही. पोरगा टेबलाशी फॉर्म भरायला बसला होता. स्वतःच्या फॉर्मवर आजीच्या गावापाशी अडला. आईला फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिला. आजीचं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं निघालं. त्याला आजवर माहीत नव्हतं.

त्यानं गाव लिहिलं आणि बोट पुढे केलं.